मतदाराचा आपद्धर्म

निवडणुकीच्या रिंगणातील सर्वच प्रमुख पक्ष कमीअधिक प्रमाणात भ्रष्ट आहेत अशी ज्या मतदाराची प्रामाणिक धारणा झाली आहे, त्याचे कर्तव्य काय, हा प्रश्न वरवर पाहता राज्यशास्त्राचा वाटतो. परंतु तो मुळात नीतिशास्त्राचा आहे, कारण ज्या व्यवहारात निर्दोष पर्यायच हाती नाही त्या व्यवहारात सज्जनाने कसे वागावे, हे त्यात विचारलेले असते. अशा पेचाला भारतीय परंपरेत धर्मसंकट म्हटले जाते. धर्मसंकट म्हणजे दोन खरी कर्तव्ये एकमेकांच्या आड येणे. येथे एक कर्तव्य दुष्कृत्याला साह्य न करण्याचे आहे आणि दुसरे समाजाच्या कारभारातील आपला वाटा उचलण्याचे आहे. मत दिले तर पहिल्याला बाध येतो, आणि न दिले तर दुसऱ्याला. या संकटातून वाट काढण्यासाठी परंपरेने आपद्धर्माची, म्हणजे आपत्काळापुरत्या आचाराची, कल्पना मांडली आणि तिला काही कडक अटी घातल्या. कमी दोषाचा पर्याय निवडण्याची सवलत मतदाराने आनंदाने घेतली, परंतु तिच्याबरोबर येणारी प्रायश्चित्ताची अट तो विसरला, आणि त्यामुळे अपवादाचाच नियम झाला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाकडे वळण्यापूर्वी भ्रष्टाचाराचे दोन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार व्यक्तीचा असतो: ठेक्यातील टक्केवारी, बदल्यांचा बाजार, सार्वजनिक जमिनीची खासगी विल्हेवाट. दुसरा प्रकार व्यवस्थेचा असतो, आणि त्यात कोणी एक माणूस पैसे खाताना पकडला गेला नाही तरी सार्वजनिक निर्णय पैशाच्या दडपणाखाली घेतले जातात. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये अशी २०२२ मध्ये ठरली, परंतु पक्षाच्या खर्चावर कायद्याने कोणतीही मर्यादा नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरावा असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला होता. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन तो निष्प्रभ झाला. निवडणूक रोख्यांची योजना, जिच्यात देणगीदाराचे नाव मतदाराला कळत नसे, जानेवारी २०१८ मध्ये लागू झाली आणि मतदाराच्या माहितीच्या अधिकाराचा भंग करते म्हणून १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने रद्द केली. तोपर्यंत १६ हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले होते. त्यांतील सर्वांत मोठा वाटा केंद्रात सत्तेवर असलेल्या भारतीय जनता पक्षाला मिळाला, परंतु काँग्रेस, तृणमूल काँग्रेस, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल आणि द्रमुक या पक्षांनीही मोठ्या रकमा स्वीकारल्या. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत आणणारा निर्णय दिला, तेव्हा एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या पक्षांपैकी एकानेही त्याची अंमलबजावणी केली नाही.

या तपशिलांवरून दोन निष्कर्ष निघतात आणि ते दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. पहिला असा की व्यवस्थेचा भ्रष्टाचार केवळ सत्तांतराने नाहीसा होत नाही, कारण नव्याने सत्तेवर येणारा पक्षही त्याच खर्चाच्या चक्रात सापडलेला असतो आणि निवडणुकीत घातलेले पैसे वसूल करण्याचा मोह त्यालाही होतो. दुसरा असा की यावरून "सगळे सारखेच" हे विधान सिद्ध होत नाही. दोष सर्वत्र असला तरी त्याची मात्रा सर्वत्र सारखी नसते. एक उमेदवार चुकीच्या व्यवस्थेत अडकलेला असतो, तर दुसरा तिचा कारागीर असतो. मात्रेतील हा भेद पाहण्याचे नाकारणे हा बुद्धीचा आळस आहे, आणि त्याचा सर्वाधिक लाभ अधिक भ्रष्ट असलेल्यालाच होतो, कारण सर्वांना एका पंक्तीला बसवले की त्याची लाज झाकली जाते.

या परिस्थितीला मतदारांकडून सामान्यतः तीन प्रकारचे प्रतिसाद मिळतात. काही जण मतदानच टाळतात. काही जण सगळेच खातात तर आपल्या कामाला येणारा बरा असे ठरवतात. आणि काही जण त्यातल्या त्यात बरा पक्ष निवडतात. यांपैकी पहिल्या प्रतिसादाला नैतिक शुचितेचे वलय लाभते, म्हणून त्याची परीक्षा आधी केली पाहिजे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाट्याला आलेले कर्म मोहाने, म्हणजे त्याचे स्वरूपच न समजल्यामुळे, सोडणे हा तामस त्याग. ते त्रासाचे आहे म्हणून, शरीराला पडणाऱ्या कष्टांच्या भयाने सोडणे हा राजस त्याग. आणि कर्म कर्तव्य म्हणून करीत राहून केवळ आसक्ती व फलाची अपेक्षा सोडणे हा सात्त्विक त्याग. या कसोटीवर घरी बसणाऱ्या मतदाराचा त्याग बहुधा पहिल्या दोन प्रकारांत पडतो. मतदानाने काही फरक पडत नाही असे कोणतीही चौकशी न करता मानणे हा मोह आहे, आणि जोडून सुटी मिळाली म्हणून बाहेरगावी जाऊन वर राजकारणाला नावे ठेवणे हे क्लेशभय आहे. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की धुराने अग्नी वेढलेला असतो त्याप्रमाणे सर्वच कर्मे कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेली असतात, आणि म्हणून दोष आहे एवढ्यावरून कर्म टाकता येत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हाच धागा पकडून असे मांडले की ज्ञानी पुरुषालाही कर्मसंन्यास घेण्यापेक्षा लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी टिकून राहावी म्हणून, कर्म करीत राहणे श्रेयस्कर आहे. मग ज्याला ज्ञानी असल्याचा दावाही करता येत नाही अशा सामान्य नागरिकाला संन्यासाचा आधार घेण्याचा अधिकार अधिकच कमी उरतो.

"वरीलपैकी कोणीही नाही", म्हणजे बोलीभाषेतील नोटा, या पर्यायाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निर्णयाने मिळालेला हा पर्याय म्हणजे त्याग नसून नोंदवलेला नकार आहे. मतदार केंद्रावर जातो, रांगेत उभा राहतो आणि समोरच्या कोणालाही संमती देत नाही हे मतपेटीच्या साक्षीने सांगतो. या साक्षीला नैतिक मोल आहे, परंतु तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडून ते दुसऱ्या स्थानावर राहिले, आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये, जेथे प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली होती, नोटाला २ लाख १८ हजारांहून अधिक मते मिळाली. तरीही दोन्ही ठिकाणी निकालावर त्याचा परिणाम झाला नाही, कारण लोकसभा आणि विधानसभेच्या नियमांनुसार नोटाला कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता वेगळा आदेश काढून नोटाला काल्पनिक उमेदवार मानले आणि त्याला सर्वाधिक मते मिळाल्यास फेरनिवडणुकीची तरतूद केली, हे त्या साक्षीला फळ देण्याच्या दिशेने टाकलेले पाऊल होते. जेथे उमेदवारांतील दोषांची मात्रा चौकशीअंती खरोखरच सारखी निघते, तेथे नोटा हे प्रामाणिक उत्तर आहे. जेथे ती चौकशीच केलेली नाही, तेथे नोटाचे बटणही तामस त्यागाचेच एक रूप ठरते.

दुसऱ्या प्रतिसादाकडे वळण्याआधी, दुष्कृत्य एकाने केले असता त्याचा दोष इतरांवर कितपत येतो, या प्रश्नाचा विचार करावा लागतो. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला कौरवसभेतील ज्येष्ठ उत्तर देत नाहीत, तेव्हा विदुर एक जुने वचन सांगतो. सभेत निंद्य कृत्य घडत असता जे सभासद त्याची निंदा करीत नाहीत त्यांच्याकडे पापाचा चौथा भाग जातो, प्रत्यक्ष कृत्य करणाऱ्याकडे चौथा भाग जातो आणि उरलेला अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो. उलट जेथे निंद्याची निंदा होते, तेथे प्रमुख आणि सभासद दोघेही मुक्त होतात व सारे पाप कर्त्याचे कर्त्याकडे राहते. या वाटणीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की प्रमुखाचा वाटा कर्त्याच्या वाट्याहून दुप्पट आहे, कारण थांबवण्याची शक्ती असूनही त्याने ती वापरली नाही. कुरुसभेचा प्रमुख धृतराष्ट्र होता. प्रजासत्ताकात सार्वभौमत्व लोकांकडे असते, म्हणून विदुराच्या हिशेबाप्रमाणे मतदार एकाच वेळी सभासदही ठरतो आणि प्रमुखही. भ्रष्टाचार नेते करतात, त्यात सामान्य माणसाचा काय संबंध, हे म्हणणे या विचारापुढे टिकत नाही. त्याचबरोबर दोषातून सुटण्याचा मार्गही येथेच सांगितलेला आहे, आणि तो सभात्यागाचा नसून सभेत बसून उघडपणे निषेध करण्याचा आहे.

कॅथलिक नीतिशास्त्रातही सहभागाचे असेच तारतम्य सांगितले जाते. दुष्कृत्य करणाऱ्याचा हेतू मान्य करून केलेले साह्य आणि हेतू अमान्य असताना अपरिहार्यपणे घडलेले साह्य यांत तेथे मूलभूत फरक केला जातो. पहिले कधीच समर्थनीय नसते, आणि दुसरे पुरेसे गंभीर कारण असेल तरच क्षम्य ठरते. दोन अगदी भिन्न परंपरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात ही गोष्ट महत्त्वाची आहे: भ्रष्ट पक्षाला मत देणाऱ्या दोन माणसांची कृती बाहेरून एकच दिसली, तरी एकाने त्याच्या भ्रष्टाचारालाही होकार दिलेला असतो आणि दुसऱ्याने तो नाकारून अन्य कारणासाठी मत दिलेले असते. मात्र हा नकार मनातल्या मनात राहिला तर तो विदुराच्या कसोटीला उतरत नाही.

या प्रकाशात "खातो, पण काम करतो" या गावोगावी ऐकू येणाऱ्या समर्थनाचे परीक्षण करता येते. या वाक्यामागे खरी गरज उभी आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. सरकारी रुग्णालयात खाट मिळवण्यासाठी, निराधार पेन्शनचा अडलेला अर्ज पुढे सरकवण्यासाठी किंवा रोहित्र जळाल्यावर ते बदलून घेण्यासाठी ज्याला आमदाराच्या फोनवाचून गत्यंतर नाही, त्याला शुद्ध चारित्र्याचा पण दुर्बल प्रतिनिधी परवडत नाही. तथापि या समर्थनात दोन गंभीर चुका आहेत. पहिली अशी की ज्याला काम म्हटले जाते तो बहुतेक वेळा नागरिकाचा हक्क असतो, आणि भ्रष्ट व्यवस्था तो हक्क आधी अडवून ठेवते व मग कृपा म्हणून परत देते; त्यामुळे उपकाराची भावना जिच्यापोटी निर्माण होते ती अडचणच त्या व्यवस्थेची निर्मिती असते. दुसरी अशी की खाल्लेला पैसा कोणाच्या तरी वाट्याचा असतो, आणि ज्याच्या वाट्याचा तो असतो तो बहुधा काम झालेल्या माणसाहून अधिक दुबळा असतो. रस्त्याच्या खडीकरणात किंवा आश्रमशाळेच्या धान्यात जी घट येते ती दरबारात कधीही न पोहोचणाऱ्यांच्या अंगावर पडते. कर्मसिद्धान्ताच्या प्रचलित मांडणीत पुण्य आणि पाप एकमेकांतून वजा होत नाहीत, दोहोंचे भोग वेगवेगळे असतात. त्याचप्रमाणे केलेले काम हे खाल्लेल्या पैशाची पावती होऊ शकत नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री वाटल्या जाणाऱ्या पाकिटाचा, म्हणजे ज्याला लोक लक्ष्मीदर्शन म्हणतात त्या व्यवहाराचा, प्रश्न याहून नाजूक आहे, कारण त्यात पैशाबरोबर शपथही गुंतलेली असते. बेलभंडारा उचलून दिलेल्या वचनाचे मराठी समाजमनावर असलेले वजन मोठे आहे, आणि पैसे वाटणारे त्याच वजनाचा उपयोग करून घेतात. श्रद्धाळू मतदारापुढे मग खरोखरीचे धर्मसंकट उभे राहते: घेतले ते चुकले हे त्याला कळते, पण देवासमक्ष दिलेला शब्द मोडणे त्याला त्याहून मोठे पाप वाटते. येथे कायदा आणि नीती दोन्ही एकच उत्तर देतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० नुसार मतासाठी लाच देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि १८७२ च्या करार कायद्यानुसार बेकायदेशीर उद्देशाचा करार मुळातच निरर्थक असतो. नीतीच्या दृष्टीनेही वचनाचे बंधन वचनाच्या विषयावर अवलंबून असते. जी वस्तू विकण्याचा अधिकार नव्हता ती देण्याचे वचन बांधून ठेवत नाही, आणि मत ही मतदाराकडे समाजाने सोपवलेली जबाबदारी असल्यामुळे तिचा सौदा करण्याचा अधिकार त्याला नव्हताच. सत्य हे मूल्य महान असले तरी ज्या देवतेला साक्षी ठेवले ती देवता अधर्माच्या व्यवहाराची जामीनदार होते असे मानणे हा त्या देवतेचाच अवमान आहे. म्हणून घेण्यातला दोष कायम राहतो, पण तो फेडण्यासाठी मत दिल्याने एका दोषाचे दोन होतात. या दोषाची मात्रा ठरवताना धर्मशास्त्रातील एक विवेक उपयोगी पडतो: प्रायश्चित्त ठरवताना देश, काल, वय आणि शक्ती यांचा विचार करावा, असे स्मृतिकार सांगतात. त्या न्यायाने रोजंदारी बुडवून मतदानाला आलेल्या मजुराचा दोष आणि पाकिटे भरणाऱ्या ठेकेदाराचा दोष एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आता तिसऱ्या प्रतिसादाचा, म्हणजे त्यातल्या त्यात बरा पक्ष निवडण्याचा, विचार करता येतो. याचे शास्त्र महाभारताच्या शांतिपर्वात, आपद्धर्मपर्वात, सापडते. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र भिक्षा मागत फिरतो, कोठेही काही न मिळाल्यावर एका चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरायला निघतो, आणि तेथे जागा असलेला तो चांडाळच त्याला धर्माची आठवण करून देत या कृत्यापासून परावृत्त करू पाहतो. प्राण राहिले तरच पुढे धर्म आचरता येईल असे उत्तर विश्वामित्र देतो आणि मांस नेतो. पुढे पाऊस पडतो, आणि शेवटी तपाने त्याचे पाप दग्ध झाले असे कथा सांगते. या ग्रंथांतील वर्णव्यवस्थेचे नियम आज स्वीकारण्याचे कारण नाही, आणि या कथेतही नियमाचा खरा राखणदार समाजाने तळाशी लोटलेला माणूसच आहे. परंतु तिच्यातील विचारपद्धतीतून आपद्धर्माच्या चार अटी हाती लागतात. आपत्ती खरी असावी. इतर पर्याय आधी शोधून संपलेले असावेत. केलेल्या कृत्याला धर्म असे नाव देऊ नये. आणि आपत्ती सरल्यावर प्रायश्चित्त करावे.

या अटी मतदाराला लावून पाहिल्या म्हणजे सवलतीचा गैरवापर कोठे होतो ते दिसते. प्रत्येक पक्ष प्रत्येक निवडणूक ही अखेरची लढाई असल्याचे सांगतो, समोरचा आला तर सर्वनाश होईल अशी भीती घालतो, आणि त्यामुळे मतदाराच्या मनात आपत्काळ कधी संपतच नाही. पण जो कायम टिकतो तो आपत्काळ नसून सवय असते. पर्याय शोधण्याची अटही सर्वत्र सारखी लागू होत नाही. लोकसभेत मत वाया जाण्याची भीती काही अंशी समजण्यासारखी असली, तरी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या निवडणुकीत, जेथे उमेदवार ओळखीचा असतो आणि काहीशे मतांवर निकाल फिरतो, तेथे मोठ्या पक्षाबाहेरचा सचोटीचा माणूस डावलून आपद्धर्माचे नाव घेणे प्रामाणिकपणाचे ठरत नाही. तिसरी अट सर्वाधिक मोडली जाते. कमी दोषाचा म्हणून निवडलेल्या पक्षाच्या दोषांचेच समर्थन मतदार पारावर, कार्यालयात आणि कुटुंबातही करू लागतो, विरोधकाच्या घोटाळ्याचे नाव घेऊन आपल्या बाजूच्या घोटाळ्यावर पांघरूण घालतो, आणि अशा रीतीने अपरिहार्य म्हणून घडलेल्या साह्याचे रूपांतर हेतुपुरस्सर साह्यात होते.

चौथी अट प्रायश्चित्ताची, आणि या निबंधाचा सारा भर तिच्यावर आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा जो विस्तृत विचार संकलित केला आहे, त्यावरून हे स्पष्ट होते की प्रायश्चित्तात पश्चात्ताप, परिषदेपुढील कबुली आणि कष्टाचे प्रत्यक्ष आचरण या तिन्हींना स्थान होते. दोषयुक्त पक्षाला मत देणाऱ्या नागरिकाचे प्रायश्चित्त म्हणजे पुढील पाच वर्षांची देखरेख होय. मत देऊन त्याने जी सत्ता उभी केली तिच्यावर लक्ष ठेवण्याचे ओझे, मत न देणाऱ्यापेक्षा त्याच्यावर अधिक आहे.

या देखरेखीचा आरंभ मतदानापूर्वीच होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ मधील शपथपत्र द्यावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात प्रलंबित खटल्यांची कलमे, न्यायालयाचे नाव आणि दोषारोप निश्चित झाले की नाही हे नमूद असते. पती-पत्नी व अवलंबितांची मालमत्ता, गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न, सरकारी देणी, आणि प्रत्येक जमीनजुमल्यासमोर खरेदीची तारीख, खरेदीची किंमत व आजची अंदाजे बाजारभावाची किंमत दिलेली असते. हे कागद वाचण्यातही विवेक लागतो. वडिलोपार्जित जमिनीचा भाव महामार्गामुळे वाढला तर ती वाढ भ्रष्टाचार ठरत नाही, पण प्रतिनिधित्वाच्या काळातच घेतलेल्या भूखंडांची रांग आणि विवरणपत्रातील तुटपुंजे उत्पन्न यांचा मेळ बसत नसेल तर प्रश्न विचारावाच लागतो. त्याचप्रमाणे आंदोलनात दाखल झालेला जमावबंदीचा गुन्हा आणि सहकारी बँकेतील फसवणुकीचा गुन्हा एकाच रकान्यात असले तरी एकाच पातळीचे नसतात. गुन्हे दाखल असलेल्या माणसाला उमेदवारी का दिली याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण पुरेसे मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजावले आहे. ही कारणे वाचून त्यांवर जाब विचारणारा मतदार नसेल, तर तो आदेश कागदावरच राहतो.

देखरेखीचा दुसरा भाग मतदानानंतरचा, आणि तो अधिक कष्टाचा आहे. टक्केवारीचा भ्रष्टाचार शेवटी एखाद्या ठोस वस्तूत उतरतो, आणि ती वस्तू मोजता येते. गावच्या रस्त्याचे काम झाले म्हणजे त्याच्या मुरुमाच्या, खडीच्या आणि डांबराच्या थरांची लांबी, रुंदी व जाडी मोजमाप पुस्तिकेत, जिला ठेकेदार आणि अभियंते एमबी म्हणतात, नोंदवली जाते आणि त्या नोंदीवरूनच देयक निघते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) नुसार नागरिकाला केवळ कागदांच्या प्रतीच मिळतात असे नाही, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. दहा रुपयांच्या मुद्रांकाचा अर्ज, अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि रस्त्याच्या कडेला मोजपट्टी घेऊन उभी असलेली चार माणसे एवढ्या सामग्रीवर कागदावरचा थर आणि जमिनीवरचा थर यांतील अंतर उघडे पडू शकते, आणि ते ग्रामसभेपुढे मांडता येते. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा केला आणि केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये, माहितीच्या अधिकाराचा आपला कायदा केला. साधने उभी करण्यात हे राज्य पुढे होते, त्यामुळे ती न वापरण्याची सबब येथील मतदाराला कमीच शोभते.

तिसरा भाग सर्वांत अवघड आहे, कारण तो माणसाला स्वतःच्या गोटाविरुद्ध उभा करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात असा इशारा दिला होता की धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ज्या महाराष्ट्रात भक्तीच्या परंपरेने समतेची आणि सदाचाराची शिकवण घरोघरी पोहोचवली, तेथे हा भेद विशेष काळजीने जपला पाहिजे. विरोधी पक्षाच्या मतदाराने केलेली टीका नेत्याला बोचत नाही, कारण ती त्याने गृहीत धरलेली असते. स्वतःच्या मतदाराने केलेल्या टीकेने मात्र त्याचे गणित बदलते. म्हणून ज्या पक्षाला मत दिले त्याच्याच भ्रष्टाचाराची निंदा प्रथम करणे, मग जात, प्रदेश किंवा विचारसरणी यांचे नाते कितीही जवळचे असो, हे विदुराच्या सभासदाचे आजचे कर्तव्य आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करताना सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान देण्याचे ध्येय ठेवले होते. ते अधिष्ठान नेत्यांनीच द्यावे अशी वाट पाहण्यात एका शतकाहून अधिक काळ गेला आहे.

एका मताने किंवा एका अर्जाने काय होणार, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे. त्याला एक उत्तर वस्तुस्थितीचे आहे: २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला, आणि २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये समान मते पडल्यामुळे चिठ्ठी टाकावी लागली. परंतु खरे उत्तर तत्त्वाचे आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले की अनेकांनी मिळून केलेल्या कृत्यात प्रत्येकाचा वाटा न जाणवण्याइतका लहान असला, तरी त्यावरून प्रत्येक जण निर्दोष ठरत नाही. कारण तसे मानले तर भयंकर अपाय होऊनही त्याला कोणीच जबाबदार नाही असा विपरीत निष्कर्ष निघतो. शिवाय लहान वाटे एकत्र आले म्हणजे काय घडते हे महाराष्ट्राने अनुभवले आहे: १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या एका प्रश्नावर मतदारांनी मत दिले, सत्ताधारी काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात जबर फटका बसला, आणि १ मे १९६० रोजी त्याच पक्षाच्या सरकारला मागणी मान्य करून राज्य निर्माण करावे लागले. भाषिक राज्यासाठी जो निर्धार दाखवला गेला तो स्वच्छ कारभारासाठी दाखवता येणार नाही असे मानण्याला कोणताही आधार नाही.

मतदाराने निष्कलंक पक्ष मिळेपर्यंत थांबू नये, कारण तशी प्रतीक्षा करणाऱ्याच्या वतीने इतर जण निर्णय घेतातच. त्याने उपलब्ध पर्यायांची चौकशी करून कमी दोषाचा पर्याय निवडावा, कोणताच पर्याय निवडण्याजोगा नसेल तर तो नकार नोंदवावा, आणि पैसे किंवा शपथ यांच्या दडपणाखाली यांपैकी काहीही करू नये. मात्र एवढे केल्याने त्याची सुटका होत नाही. बोटावरची शाई ही कर्तव्य पूर्ण झाल्याची खूण आहे असा समज रूढ झाला आहे, आणि भ्रष्ट राजकारणाला जगण्यासाठी नेमका हाच समज पुरेसा असतो. दोषयुक्त सत्तेला जो मत देतो, तो तिच्या दोषांचा हिशेब मागण्याचे कर्जही स्वतःवर घेतो. आणि ते कर्ज पुढच्या निवडणुकीपूर्वी फेडले नाही, तर त्या निवडणुकीत पुन्हा आपद्धर्माचे नाव घेण्याचा त्याचा अधिकार संपतो.